तंजावरच्या वाड्यातील मराठी नाटक

मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीस मानला जातो. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ तेथे १८४३ साली झाले आणि ५ नोव्हेंबर हा त्याचा दिवस रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. तो मान सांगलीचा खराच. परंतु त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे कावेरीच्या काठी मराठी नाटके लिहिली जात होती, याचे स्मरण महाराष्ट्राबाहेरील आपण मंडळींनी तरी ठेवावयास हवे.

तंजावरचा राजवाडा मूळचा नायक राजांचा. व्यंकोजी भोसल्यांनी १६७६च्या सुमारास राज्य हाती घेतले आणि पुढे मराठ्यांनी तो वाढविला. आवारातील संगीत महाल पाहून आम्ही सरस्वती महाल ग्रंथालयाच्या लहानशा संग्रहालयात शिरलो. येथे रंगविलेले पडदे नाहीत, नटांचे मुकुटही नाहीत. आहेत ती ताडपत्रे आणि जुनी हस्तलिखिते. मात्र याच ग्रंथभांडारात व्यंकोजीपुत्र शहाजीराजांची (१६८४–१७१२) मराठी नाटके जपली गेली. ती यक्षगानाच्या वळणाची, गायन-नर्तनाने भरलेली. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर संस्कृत, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि मराठी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांची ‘देवेंद्र कुरवंजी’ आम्हां शिक्षकांना विशेष जवळची वाटली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री. येथे ती चक्क जगाचा भूगोल गाऊन सांगते!

परभाषेच्या शेजाराने मराठी तेथे बुजली नाही, उलट बहरली. आणि ती आज आपणांस दिसते, कारण कोणीतरी ती लिहिली व कोणीतरी ती सांभाळली.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचे रामाकोना, सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. घरची बोली मराठी, कचेरीची भाषा हिंदी. दंडार आणि खडी गंमत यांची पदे वृद्धांच्या कंठात असतात; ती कंठाबरोबरच लोपतात. त्यांना राजाश्रय नाही, ताडपत्रही नाही. पण शाळकरी मुलाची दोनशे पानी वही तर आहे! वाचकहो, आपल्या गावी असा एखादा वृद्ध कलावंत असेल, तर या दिवाळीच्या सुटीत नातवंडांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्यापाशी बसवावे. तंजावरास जे राजांनी केले, ते आपल्याकडे घराघरांनीच करावयाचे आहे.