समुद्रापलीकडील पेढ्या

तमिळनाडूच्या दक्षिण भागात कारैक्कुडी, देवकोट्टै आणि त्यांच्या आसपासची सत्तर-पंचाहत्तर गावे मिळून जो प्रदेश होतो, त्याला चेट्टिनाड असे नाव आहे. येथील जमीन तांबडी व कोरडी असून पाऊस बेताचा पडतो. मोठी नदी नाही. पाण्याची सारी भिस्त तळ्यांवर. तथापि या गावांतून फिरू लागले की एका रस्त्यावर पुढचा दरवाजा आणि मागच्या रस्त्यावर परसदार, असे लांबच लांब वाडे दिसतात. त्यांचे खांब ब्रह्मदेशच्या सागाचे, फरशी इटलीच्या संगमरवराची, आरसे बेल्जियमचे. या जमिनीच्या उत्पन्नावर असे वाडे उभे राहणे शक्य नाही, हे कोणाच्याही सहज ध्यानात येईल. ते उभे राहिले ते बंगालच्या उपसागरापलीकडे चाललेल्या सावकारीच्या पैशातून. आणि त्या सावकारी पेढ्यांचे मालक बहुधा आपले आयुष्य याच गावांत काढीत असत.

ज्या देशात आपण राहत नाही, त्या देशात धंदा कसा उभारावा व कसा चालवावा, या प्रश्नाला नाट्टुकोट्टै चेट्टियार नावाच्या या व्यापारी जमातीने एकोणिसाव्या शतकात एक उत्तर शोधून काढले. (चेट्टी हा शब्द संस्कृत श्रेष्ठी या शब्दावरून आला असे मानतात, आपला शेटी किंवा शेठही त्याच घराण्यातला.) श्रीलंका, मलाया, सिंगापूर अशा अनेक ठिकाणी त्यांच्या पेढ्या होत्या. पण त्यांचा सर्वांत मोठा व्याप होता तो ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये.

१८५२ च्या युद्धानंतर इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश आपल्या राज्यास जोडला. इरावती नदीच्या मुखाकडचा सुपीक पण झाडीने व दलदलीने भरलेला मुलूख त्यांच्या हाती आला. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि ब्रह्मी तांदळाला युरोपची बाजारपेठ जवळ आली. त्यानंतर या मुलखात जे घडले त्याला आशियाच्या शेतीच्या इतिहासात फारशी तोड नाही. १८५० च्या सुमारास दक्षिण ब्रह्मदेशात भाताखाली सात-आठ लाख एकर जमीन होती. १९३० पर्यंत ते क्षेत्र ऐंशी लाख एकरांच्याही वर गेले. उत्तरेकडून आलेल्या ब्रह्मी शेतकऱ्यांनी ही जमीन झाडी तोडून व बांध घालून लागवडीस आणली. बारा वर्षे जमीन सलग कसून तिचा सारा भरला की तीवर कायम हक्क मिळे, असा १८७६ च्या कायद्याने नियम घालून दिला होता. परंतु बारा वर्षे तग कशावर धरायची? बैल, बियाणे, मजुरी, घरखर्च या सर्वांसाठी पैसा लागे, आणि विलायती बँका चिखलात उभ्या असलेल्या कुळाला दारातही उभे करीत नसत. त्या व्यवहार करीत ते निर्यात करणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी. बँक आणि शेतकरी यांच्यामधील ही मोकळी जागा चेट्टियार पेढ्यांनी भरून काढली. बँकेकडून ते स्वतःच्या पतीवर कर्ज घेत, त्यात आपले भांडवल घालीत आणि ते खेड्यापर्यंत पोचवीत. कधी स्वतः, तर कधी ब्रह्मी सावकारामार्फत.

आता हे सारे मालकाने गावी बसून कसे केले, ते पाहू. पेढीचा कारभार मुनिमाकडे असे. हा मुनीम बहुधा मालकाच्याच जमातीतला, पुष्कळदा नात्यातला असे. त्याला कुलमुखत्यारपत्र करून दिले जाई आणि तीन वर्षांच्या बोलीने तो आगबोटीत चढे. तीन वर्षांचा पगार आधीच ठरलेला असून त्यातील काही भाग निघण्यापूर्वीच त्याच्या कुटुंबाच्या हाती पडे. पगाराखेरीज नफ्यातही त्याला वाटा असे. मुदत संपत आली की दुसरा मुनीम येऊन दाखल होई. जुना व नवा असे दोघे काही काळ बरोबर काम करीत. नवा माणूस प्रत्येक कर्जदार, प्रत्येक गहाणखत व प्रत्येक तारण आपल्या डोळ्यांनी पाहून घेई आणि मगच जुना परत फिरे. हिशेबाची तपासणी व माणसाची बदली ही दोन्ही कामे अशा रीतीने एकदमच उरकत. मुनिमाची बायकामुले मात्र गावीच राहत. समुद्र ओलांडून जायचे ते पुरुषांनी, तेही परत येण्यासाठी, असा दंडक होता.

हे शिक्षण फार लवकर सुरू होई. दहा-बारा वर्षांचा मुलगा पेढीवर उमेदवार म्हणून लागे. तोंडी हिशेब, व्याजाची आकडेमोड, कीर्द व खतावणी हे तो मोठ्यांच्या शेजारी बसून शिके. रंगूनमध्ये मोगल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर या पेढ्यांची दाटी होती. एकाच लांब दालनात अनेक पेढ्यांचे मुनीम जमिनीवर चटई टाकून, पुढे बैठे मेज व बाजूस तिजोरी घेऊन बसत आणि रात्री तेथेच पथारी पसरत. गावच्या वाड्याशी या जागेची तुलना केली म्हणजे त्यांचा पैसा कोठे मिळवायचा व कोठे खर्चायचा, याविषयीचा विचार स्पष्ट होतो.

पण मुखत्यारपत्राने अधिकार मिळतो, विश्वास मिळत नाही. पाच-सहा दिवसांच्या अंतरावरील माणसाने पैसे घेऊन पोबारा केला तर मालक काय करणार होता? येथे जमातीची बांधणी उपयोगी पडे. प्रत्येक चेट्टियार कुटुंब चेट्टिनाडमधील नऊ मंदिरांपैकी कोणत्या तरी एकाशी जोडलेले असे. लग्न झालेला प्रत्येक पुरुष त्या मंदिराच्या वहीत स्वतंत्र घटक म्हणून नोंदला जाई आणि त्याला वर्गणी द्यावी लागे. ज्याने पेढीला फसविले, त्याच्या मुलांची लग्ने अडत, त्याला दुसरी नोकरी मिळत नसे, त्याचे नाव दक्षिणेपासून सिंगापूरपर्यंत पोचे. पेढीच्या नावातही हीच साखळी दिसते. आजोबा, वडील व स्वतः यांच्या नावांची आद्याक्षरे मिळून ते नाव बने. म्हणून चेट्टियार नावांपुढे अक्षरांची लांब रांग आढळते. ते नाव म्हणजे पत होती. ते उच्चारले की तीन पिढ्यांचा व्यवहार ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राही.

व्याजाचा दरही मंदिरातच ठरे. मोगल स्ट्रीटवरील मंदिरात दर तमिळ महिन्याला पेढ्यांचे मुनीम जमत आणि आपापसांतील ठेवींवर त्या महिन्यात किती व्याज द्यायचे हे एकमताने ठरवीत. ज्या पेढीकडे रोकड पडून आहे, तिने ती गरज असलेल्या पेढीला द्यावी, हा यातला हेतू. मध्यवर्ती बँक जे काम करते, त्यातले बरेचसे काम मुरुगनच्या सभामंडपात होत असे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. ठेवी कोणाच्या असत? नातेवाइकांच्या, देवस्थानांच्या आणि स्त्रियांच्याही. सासरी जाणाऱ्या मुलीला मिळालेले धन पेढीवर जमा राही व व्याजाने वाढत जाई. ज्या स्त्रियांनी ब्रह्मदेश पाहिलाही नाही, त्यांच्या पैशावर इरावतीकाठचे भात पिकत होते.

१९२९-३० मध्ये ब्रह्मदेशातील बँक-व्यवहारांची सरकारी चौकशी झाली. तेव्हा तेथे सोळाशेहून अधिक चेट्टियार पेढ्या असल्याचे आढळले. त्यांच्या व्यवहारात गुंतलेला एकूण पैसा सुमारे ७५ कोटी रुपये असावा, असा अंदाज चौकशी समितीने केला. त्यातील सुमारे ५३ कोटी त्यांचे स्वतःचे भांडवल होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व हानीचे मूळ तीत आहे. ब्रह्मदेश हा १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. रुपया तोच, दिवाणी न्यायालयांची रीत तीच, करारांचा कायदाही तोच. कारैक्कुडीत नोंदलेले मुखत्यारपत्र रंगूनमध्ये चाले. चेट्टियार परदेशी गेला, पण त्याला परदेशी कायद्याशी गाठ घालावी लागली नाही. भाषा निराळी, माणसे निराळी, धर्म निराळा. फक्त सरकार तेच. आपल्या रत्नागिरीकरांना हे राज्य दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. १८८५ मध्ये उत्तर ब्रह्मदेशही इंग्रजांनी घेतला आणि तेथील राजा थिबा याला कोकणात आणून ठेवले. तो १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. ज्या सत्तेने राजाला इकडे आणले, तिच्याच भरवशावर सावकार तिकडे गेला होता.

चेट्टियारांना जमीन नको होती. सावकाराला मुद्दल व व्याज हवे असते, कारण पैसा बोटीने परत नेता येतो. शेत नेता येत नाही. १९३० पर्यंत दक्षिण ब्रह्मदेशातील तेरा प्रमुख भातपिकाच्या जिल्ह्यांत त्यांच्या मालकीची जमीन अवघी ६ टक्के होती, यावरून हे पटावे. त्या वर्षापासून जागतिक मंदीने भाताचा भाव कोसळू लागला आणि काही काळातच तो निम्म्याच्याही खाली आला. कर्जाचा आकडा मात्र होता तेवढाच राहिला. शेतकऱ्याला व्याजही देता येईना. बँकांनी चेट्टियार पेढ्यांना दिलेली कर्जे मागे घेण्यास आरंभ केला आणि पेढ्यांनी गहाण जमिनी ताब्यात घेतल्या. १९३८ मध्ये त्याच तेरा जिल्ह्यांतील २५ टक्के जमीन, म्हणजे सुमारे पंचवीस लाख एकर, त्यांच्या नावे लागली होती.

कागदोपत्री या पेढ्या आता जमीनदार झाल्या. वस्तुतः त्या अडकल्या होत्या. ज्यांनी झाडी तोडून शेत केले त्यांची मुले त्याच शेतावर कुळे म्हणून राबू लागली आणि खंड द्यायचा तो कधीही न पाहिलेल्या मालकाला. मालक समोर असता तर कदाचित खंडात सूट मिळती, कदाचित भांडण होऊन निकाल लागता. परंतु तीन वर्षांसाठी आलेल्या मुनिमाला सूट देण्याचा अधिकार बेताचाच होता आणि तिच्यात त्याचा स्वतःचा तोटाही होता. व्यवस्थेतील सर्वांत चोख भाग येथे सर्वांत कठोर ठरला. डिसेंबर १९३० मध्ये साया सान याच्या नेतृत्वाखाली जे शेतकऱ्यांचे बंड उसळले, त्याचा मुख्य रोख सरकारवर व सरकारी करांवर होता. पण हिंदी सावकारही त्याच्या रोषातून सुटला नाही. चेट्टियारांना सर्व अनर्थाचे मूळ ठरविणे अन्यायाचे होईल, कारण भाताचा भाव त्यांनी पाडला नव्हता. मात्र त्यांचा दोषच नव्हता असेही म्हणवत नाही. त्या तेरा जिल्ह्यांतील चौथाई जमिनीचे मालक होऊनही त्या देशात आपले म्हणावे असे माणूस त्यांनी जोडले नव्हते.

१० फेब्रुवारी १९३७ रोजी एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन केली. कारैक्कुडी, मद्रास व रंगून येथे एकाच दिवशी तिच्या शाखा उघडण्यात आल्या. त्यानंतर पन्नास दिवसांनी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. घर न बदलताच हजारो धंदे परदेशी झाले.

धंदा नक्की कोठे ‘राहतो’ हा प्रश्न आता वकिलांपुढेही येऊ लागला. १९३९ च्या दुरुस्तीने हिंदी आयकर कायद्यात निवासी व अनिवासी यांच्या व्याख्या घालण्यात आल्या. एकत्र कुटुंबाच्या धंद्याचे नियंत्रण व व्यवस्था पूर्णपणे देशाबाहेर असेल तरच ते कुटुंब अनिवासी समजावे, असा नियम होता. कोलंबोत धंदा करणाऱ्या एका चेट्टियार कुटुंबाचा वाद यावरूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुटुंबप्रमुख सिलोनमध्ये राहत असे, पण वर्षाकाठी काही वेळा गावी येऊन जाई. नियंत्रण पूर्णपणे बाहेर होते हे सिद्ध झाले नाही, म्हणून न्यायालयाने कुटुंब निवासी ठरविले. मुनीम कोठे बसतो याला महत्त्व नव्हते. धंद्याचे डोके कोठे आहे, हे पाहिले जाई.

ब्रह्मदेशात मात्र असे सूक्ष्म प्रश्न विचारण्यास कोणाला सवड मिळाली नाही. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बाँब पडले व ८ मार्च १९४२ रोजी ते शहर पडले. लाखो हिंदी लोक बोटीने, आणि बोट न मिळाल्यास अराकान व आसामच्या डोंगरांतून पायी, भारताकडे निघाले. त्यांत कितीजण वाटेत गेले याची मोजदाद झाली नाही. युद्धानंतर मुनीम परतले खरे, पण ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झालेल्या देशाने त्याच वर्षी शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि १९५३ मध्ये दुसरा अधिक व्यापक कायदा आणला. भरपाईची तरतूद कागदावर होती; मालकांच्या हाती नाममात्रच काही पडले. मार्च १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९६३ मध्ये बँका आणि १९६४ मध्ये दुकाने सरकारजमा झाली. इंडियन ओव्हरसीज बँकेची रंगून शाखाही त्यात गेली. या वेळी जे परतले त्यांत सावकार थोडे होते. हमाल, दुकानदार, कारकून असे सामान्य तमिळ व तेलुगू लोकच अधिक होते. चेट्टियारांचा बराचसा पैसा त्यापूर्वीच भारतातील कापडगिरण्या, बँका व शिक्षणसंस्था यांत वळला होता. ज्यांचा वळला नाही, त्यांच्या वाड्यांतील सागवान पुढे एकेक खांब करून विकले गेले.

ब्रह्मदेशातील त्यांच्या मंदिरांपैकी अनेक अजून उभी आहेत. त्यांची मालकी देवाची होती, पेढीची नव्हती. तेथे आज जे तमिळ भाविक दिवा लावतात, त्यांतील पुष्कळांचे पूर्वज मजूर म्हणून आले आणि परतीचे भाडे नसल्यामुळे तेथेच राहिले.