रक्तवस्त्रधारी गणेश आणि यजमानाचा मुकटा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस यजमान चौरंगासमोर प्राणप्रतिष्ठेस बसतो, तेव्हा त्याच्या अंगावर लाल, डाळिंबी अथवा जांभळा रेशमी मुकटा असावा, ही आपल्या अनेक घरांची जुनी रीत. अलीकडे मात्र घरातील तरुण मुलगा तो नेसण्यास संकोचतो. ‘हे बायकी रंग मला नकोत’ म्हणून तो पांढऱ्या सदऱ्यानिशी पूजेस बसतो आणि वडीलधारी मंडळीही फारसा आग्रह धरीत नाहीत.

या संकोचाला आपल्या परंपरेत आधार शोधू गेल्यास काहीच हाती लागत नाही. अमरकोश उघडावा. विष्णूच्या नामावलीत तेथे ‘पीतांबर’ आहे, बलरामाच्या नामावलीत ‘नीलांबर’. वस्त्राच्या रंगावरून ज्यांना ओळखावे, असे हे दोघे पुरुषच! खांद्यावर नांगर घेणाऱ्या बलरामास कोणी बायकी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आणि आज ज्याची स्थापना करावयाची, त्या गणेशाचे अथर्वशीर्षातील ध्यान तर घरोघर मुखोद्गत आहे. तो रक्तवर्ण, वस्त्रेही रक्तवर्णाची, गंधही तांबडेच. उपासकाने उपास्याचा रंग अंगावर घ्यावा, हाच मुकट्यामागील भाव असे मी समजतो.

मग हा संकोच आला कोठून? युरोपातून. तेथेही अठराव्या शतकात सरदार मंडळी गुलाबी रेशीम आणि जरीकाम मिरवीत असत. त्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी रंग टाकून काळा-करडा पोशाख पत्करला. फ्लूगेल या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३० साली याला पुरुषांचा ‘महान त्याग’ असे नाव दिले. (आपल्या त्यागाशी याचा काही संबंध नाही!) कचेऱ्यांच्या वाटेने तो पोशाख आपल्याकडे आला, आणि त्यामागून ही समजूतही.

ज्या समाजांनी हा त्याग स्वीकारला नाही, तेथील पुरुष आजही मानाच्या प्रसंगी रंग लेतात. भूतानमध्ये मठ आणि राजकचेरी एकाच गढीत नांदतात. तिला झोंग म्हणतात. तीत जाताना भूतानी पुरुषास ‘घो’ या झग्यावर ‘कबने’ नावाचे उपरणे घ्यावेच लागते. राजाचे आणि मुख्य धर्मगुरूचे पिवळे, मंत्र्यांचे नारिंगी, न्यायाधीशांचे हिरवे, संसद-सदस्यांचे निळे. सामान्य नागरिकाचे तेवढे पांढरे. आफ्रिकेतील घाना देशात अशांती लोकांचे केंटे वस्त्र हातमागावरील अरुंद पट्ट्या जोडून करतात. सोनेरी, हिरव्या, तांबड्या रंगांचे ते भरघोस वस्त्र पुरुष उजवा खांदा उघडा ठेवून डाव्या खांद्यावरून घेतात. आपल्या उपरण्याचीच आठवण व्हावी! २०२४ साली युनेस्कोने या विणकामास मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

बाजारात आता नाडीची, शिवलेली सोवळीही मिळू लागली आहेत. पूजाकर्मास वस्त्र न शिवलेले असावे, हा जुना दंडक मला ठाऊक आहे. तरीही निऱ्यांचा सराव नसलेला एखादा मुलगा तसले लाल सोवळे चढवून चौरंगासमोर बसला, तर मी त्याला उठवणार नाही. निऱ्या पुढच्या चतुर्थीपर्यंत शिकविता येतील.