जड झालेलं स्टिअरिंग

मंडळी, मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. यंत्राचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. तरीही आज मी आपल्याशी मोटारीच्या स्टिअरिंगविषयी बोलणार आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती माझ्या लेकीला भोवता भोवता राहिली.

आमची गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यानंतर लेक ती चालवायला शिकू लागली. दोन-तीनदा म्हणाली, "अब्बा, स्टिअरिंग जड लागतंय." मी म्हटलं, "बेटा, हातात अजून जोर नाही तुझ्या. सवयीनं येईल." मी स्वतः रोज तीच गाडी चालवत होतो, पण त्रास हळूहळू वाढला की तो अंगवळणी पडतो. एका सकाळी मकई दरवाजापाशी तिनं चाक वळवलं. ते वळलं, पण हात सैल केल्यावर आपोआप सरळ होईना. तिनं वेळेवर ब्रेक दाबला. गाडी दगडी कमानीपासून वीतभर अंतरावर थांबली. माझा शहाणपणा तिथंच गळून पडला.

एका गॅरेजवाल्यानं काही न उघडताच सांगितलं, "पूर्ण रॅक बदला." आकडा ऐकून मी गाडी परत आणली आणि शहागंजकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "पहले हवा, फिर दवा."

आधी हे समजून घेऊ, की आपण चाक फिरवतो तेव्हा काय होतं. चाकाखालचा दांडा जोडांमधून खाली जातो. त्याच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं. ते एका आडव्या दातेरी दांड्याला सरकवतं. त्यालाच रॅक म्हणतात. रॅकच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड पुढची चाकं वळवतात. पॉवर स्टिअरिंग म्हणजे या कामात मिळणारी मदत. आपल्या पाणचक्कीत नहरीनं आलेल्या पाण्याचा जोर जातं फिरवतो, तसा इथं पंपानं दाबलेल्या तेलाचा जोर रॅकला ढकलतो. हा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी इंजिनिअरनं 1926 साली अशी यंत्रणा मोटारीवर चालवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती 1951 साली क्रायस्लर इम्पीरियलमधून आली. पुढं 1988 साली जपानमध्ये सुझुकी सेर्वोमध्ये तेलाऐवजी विजेची मोटर बसली. आजच्या बहुतेक नव्या लहान गाड्यांत तीच पद्धत आहे.

आता मिस्त्रींचा क्रम सांगतो. पहिली गोष्ट हवा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की रबर रस्त्याला जास्त चिकटतं आणि चाक जड होतं. हवा टायर थंड असताना तपासावी. किती हवी तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

दुसरी गोष्ट तेल. गाडी सपाट जागी उभी करून टाकीवरच्या खुणा पाहाव्यात. हे तेल उडून जात नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच घालावं. वळवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा सैल असू शकतो. घुंईघुंई आवाज आला तर तेल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. विजेवरच्या स्टिअरिंगमध्ये बहुधा तेलच नसतं. तिथं डॅशबोर्डवरचा दिवा, बॅटरी आणि फ्यूज पाहावेत.

आमच्या गाडीत हे सगळं ठीक निघालं. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकनं उचलली आणि खाली स्टँड दिले. चाकं अधांतरी असताना स्टिअरिंग हलकं झालं असतं, तर दोष टायरमध्ये, अलाइनमेंटमध्ये किंवा वजन पेलणाऱ्या बेअरिंगमध्ये शोधावा लागला असता. ते जडच राहिलं. मग टाय रॉड सोडले, तरीही जड. म्हणजे दोष चाकांकडे नव्हता. शेवटी दांड्याचा खालचा जोड काढला, तर वरचा दांडा हलका आणि रॅकही हलका! तो जोडच गंजून अडकला होता. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेण्याची हौस माझी होती. दोष लेकीच्या हातांना दिला. नवा जोड बसला, अलाइनमेंट झालं आणि खर्च रॅकच्या दहाव्या हिश्शात भागला.

हे शेवटचं काम मात्र घरी करू नये, एअरबॅगच्या गाडीत तर मुळीच नाही. जोडाचा बोल्ट सैल राहिला तर चाक हातात फिरेल आणि गाडी सरळ जाईल. हवा, तेल, आवाज आणि दिवा एवढं मात्र आपण प्रत्येकानं पाहावं. उभ्या गाडीत चाक पिळू नये आणि शेवटपर्यंत वळवून तसंच धरून ठेवू नये.

अजून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या उतारावर पेट्रोल वाचवायला कुणी इंजिन बंद करतात. इंजिनबरोबर पंप थांबतो आणि स्टिअरिंग जड होतं. ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते. किल्ली काढली तर स्टिअरिंगला कुलूपच लागू शकतं. चालत्या गाडीत इंजिन आपोआप बंद पडलं, तर घाबरू नका. चाक वळतं, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी धरा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून ठेवा, गाडी कडेला घ्या आणि थांबेपर्यंत किल्ली काढू नका.

त्या संध्याकाळी मी किल्ली लेकीच्या हातात दिली आणि तिची माफी मागितली. मकई दरवाजातून ती गाडी सहज काढून गेली. तेव्हा घरात कुणी "जड लागतंय" म्हणालं, तर त्याचे हात पाहू नका. आधी टायरची हवा पाहा.