आडनाव विचारलं की खांदे वर का जातात?

सोमवारची सकाळ. मीटिंग सुरू झालीये, कॅमेरा ऑन आहे. आता जरा हलू नका, आहात तसेच बसा. खांदे कुठे आहेत तुमचे? कानाजवळ? दात एकमेकांवर दाबलेत? आणि श्वास पोटापर्यंत जातोय की गळ्यापाशीच अडकलाय?

बॉसनं अजून तोंडही उघडलेलं नाही, पण शरीर आधीच लढाईला उभं आहे! याच जागेपासून सुरू होते सोमॅटिक थेरपी. ‘सोमा’ म्हणजे ग्रीक भाषेत शरीर. ‘सोमॅटिक्स’ हे नाव १९७६ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस हॅनांनी दिलं, आणि पीटर लेविन यांच्या १९९७ सालच्या ‘वेकिंग द टायगर’ या पुस्तकानं कल्पना घरोघरी नेली. निदान तिकडच्या घरोघरी. लेविन यांचं म्हणणं साधं आहे. वाघाच्या तावडीतून सुटलेलं हरीण थरथरतं, अंग झटकतं आणि पुन्हा चरायला लागतं. माणूस मात्र ती थरथर गिळतो, कारण समोर लोक असतात. गिळलेलं ते अंगात राहतं. म्हणून नुसतं बोलण्याऐवजी श्वास, पाय, पाठ, हात यांच्याकडे लक्ष देत हळूहळू ते सोडवायचं.

ऐकायला छान वाटतं. पण मला पहिल्यापासून एक प्रश्न होता. हे सगळं कोणाच्या शरीरासाठी लिहिलंय? ज्याला स्वतःची खोली आहे, योगा मॅट आहे आणि मागे कोणी उभं नाही, त्याच्या? वाघ एकदाच येऊन गेला असेल तर अंग झटकता येतं. तो रोज ऑफिसात बाजूच्या खुर्चीवर बसत असेल तर?

“पूर्ण नाव?”

आमच्या राजापेठेतली माझी एक मैत्रीण पुण्याच्या एका आयटी कंपनीचं काम घरून करते. हुशार, कामात पक्की. नव्या क्लायंटबरोबर, नव्या टीमबरोबर पहिला कॉल असला की कोणीतरी हमखास गोड आवाजात विचारतं, “अमरावतीच्या का? पूर्ण नाव काय म्हणालात?” त्या क्षणी तिचा श्वास थांबतो. खरोखर थांबतो. नाव सांगितल्यावर पलीकडे जो अर्ध्या सेकंदाचा पॉझ येतो, तो तिला शाळेपासून पाठ आहे. मग कुठेतरी कोट्याचा जोक होतो, आणि तीही हसते. मान दुखते ती रात्री.

ती आधी एका समुपदेशकाकडे गेली होती. तिथे ऐकायला मिळालं, “तू ओव्हरथिंक करतेस. आता कुठे राहिलीय जात?” डोळे मिटून समुद्रकिनारा इमॅजिन करायला सांगितलं. दोन सेशन्सनंतर तिनं जाणं बंद केलं. पैसे गेले ते गेले, वर अपराधी वाटणं फुकट मिळालं!

आताची थेरपिस्ट वेगळी निघाली. पहिल्याच कॉलवर तिनं विचारलं, कॅमेरा चालू ठेवायचा की बंद? डोळे मिटायला आवडतं की उघडे बरे? दाराकडे तोंड करून बसायचंय का? घरात पाय पसरायला जागा कुठे आहे? मराठीत बोलू या ना? तिनं ‘मिस्टर काय करतात’ असं विचारलं नाही, आणि जातीचा विषय निघाला तेव्हा तो बदललाही नाही. म्हणाली, “खांदे वर जातात ते चुकीचं नाही. ते तुला सांभाळतायत. फक्त कधी वर जायचं आणि कधी खाली यायचं, हे तुझ्या हातात यायला हवं.” परदेशात याला अँटी-ऑप्रेसिव्ह पद्धत म्हणतात. स्टॅसी हेन्स यांचं ‘द पॉलिटिक्स ऑफ ट्रॉमा’ (२०१९) हेच सांगतं, की दुखणं एकट्याचं नसतं आणि ते कुठून आलं हे विचारल्याशिवाय उपचार अर्धाच राहतो.

एका सेशनला मीही मैत्रिणीच्या शेजारी बसले होते. दोन्ही तळहात भिंतीला लावून पूर्ण जोरानं ढकलायचं आणि पाठीत काय होतंय ते बघायचं, असा व्यायाम होता. तेवढ्यात तिची आजी आत आली. “काऊन वं, भिंत पडून राह्यली काय?” थेरपिस्टसकट सगळे हसलो, आणि मग आजीलाही ढकलायला लावलं. म्हातारी काय जोर लावते!

हे आपल्याकडचंच आहे

कोणी म्हणेल, ही अमेरिकन फॅशन आहे. मला तसं वाटत नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये याच शहरात अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली होती, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं पिऊन झालं होतं. डिसेंबरात तिथेच त्यांनी बायकांना सांगितलं, जात ओळखू येईल अशी लुगडं नेसायची आणि दागिने घालायची पद्धत सोडा. नेसण्यासारखी साधी गोष्ट! पण पदर बदलला की चाल बदलते, मान बदलते. शरीराला शिकवलेलं वाकणं शरीरानंच सोडायचं, हे त्या माणसाला पक्कं कळलं होतं.

आणि तपोवन. अमरावतीकरांनो, आपण त्या बाजूनं कितीदा जातो, आत किती जण गेलोय? डॉ. शिवाजीराव, म्हणजे दाजीसाहेब पटवर्धन, गावातले होमिओपॅथ. १९४६ मध्ये त्यांनी शहराच्या कडेला कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. कुष्ठरोग नसांवर जातो, हातापायांची जाणीव जाते, चटका बसला तरी कळत नाही. पण त्याआधी गाव त्या माणसाला शिवायचं थांबलेलं असतं. म्हणजे बधिरपणा दोन्हीकडून! आज आपण ज्या बहुविध औषधोपचारानं हा आजार पूर्ण बरा करतो, त्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये केली. त्याआधीची पस्तीस वर्षं तपोवनात उपचारांच्या जोडीला होतं ते काम. शेती, सुतारकाम, विणकाम. बोटं झडलेल्या हातातही हत्यार टेकतं, आणि त्या हाताच्या वस्तूला किंमत मिळते. पटवर्धनांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली. कायद्याला मात्र उशीर झाला. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवायला मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून काढलं गेलं २०१९ मध्ये. स्पर्शाचं राजकारण काय असतं ते या तारखांवरून कळतं.

मनाच्या आजारात हीच भूमिका पुण्यात भार्गवी दावर यांनी घेतली. त्यांच्या आईनं मनोरुग्णालयं भोगली होती. १९९९ मध्ये त्यांनी बापू ट्रस्ट सुरू केला, पुण्याच्या वस्त्यांमध्ये ‘सेहेर’ उपक्रम नेला. तिथे कला, श्वास, हालचाल असं सगळं वापरलं जातं, आणि शेजारीपाजारीही उपचारात सामील. दावर २०२४ मध्ये गेल्या.

बुक करण्याआधी

थोडं सावधही राहा. आपल्याकडे ‘सोमॅटिक थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला वेगळा परवाना लागत नाही. वीकएंड कोर्स करूनही लोक लावतात. संशोधन आहे, पण थोडं. लेविन यांच्या पद्धतीवरचा २०१७ सालचा एक नीट अभ्यास उत्साह वाढवणारा आहे, मात्र त्यात माणसं ६३ होती. म्हणून आधी मूळ शिक्षण विचारा. जात, लिंग, लैंगिकता यांवर कसं काम करता, हे सरळ विचारा. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी क्वीअर-अफर्मेटिव्ह कोर्स घेते, तो केलाय का विचारा. न विचारता स्पर्श करणारा आणि ‘नाही’ म्हटल्यावर चेहरा पाडणारा थेरपिस्ट नको. गोळ्या चालू असतील तर कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. फारच वाईट वाटत असेल, तर सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस लागतो, मराठीतही.

आणि श्वास घेऊन मॅनेजर बदलत नाही, हेही खरंच. मैत्रिणीनं एचआरला मेल लिहिला आहे, कोट्याच्या जोकबद्दल, तारखांसकट. पाठवायच्या आधी भिंत ढकलून घेतली, असं म्हणाली. उत्तर अजून आलेलं नाही. पुढचं सेशन शनिवारी दुपारी साडेतीनला आहे, कारण तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात. आजी सोडून.