पाच मिनिटांची उमेदवारी

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री पेढ्यांची दारे बंद झाली की त्यांच्याच समोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. सर सेठ हुकुमचंद यांनी उभारलेल्या काच मंदिराच्या दर्शनास गेलेल्या वाचकांना हे शहर परिचित असेलच. विनोदकार झाकीर खान यांचा जन्म १९८७ साली याच शहरात, संगीतकारांच्या घराण्यात झाला. आजोबा उस्ताद मोइनुद्दीन खान हे नामवंत सारंगीवादक. वडीलही संगीताचेच शिक्षक. झाकीर यांनी सतारीचे शिक्षण घेतले, परंतु पदवीचा अभ्यास अर्धवट सोडून ते दिल्लीस गेले. तेथे रेडिओसाठी लेखन करता करता त्यांना ‘ओपन माईक’चा मंच सापडला.

पिढ्यान्‌पिढ्या एकच विद्या जपणाऱ्या घरातील मुलगा ‘मी लोकांना हसवण्याचे काम करीन’ असे सांगतो, तेव्हा घरात कोणती शांतता पसरते, हे गादी सांभाळणाऱ्या कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

ओपन माईक म्हणजे नवोदितांसाठी खुला ठेवलेला मंच. एखाद्या कॅफेचा लहानसा कोपरा, एक ध्वनिक्षेपक आणि नावांची यादी, एवढाच त्याचा संसार. प्रत्येकाच्या वाट्यास चार-पाच मिनिटे येतात. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवला जातो. मग वाक्य अर्धे राहो वा पुरे, आवरते घ्यावे लागते. मानधन बहुधा नसतेच. समोर बसलेल्यांपैकी निम्मे अनेकदा स्वतःची पाळी येण्याची वाट पाहणारे विनोदकारच असतात आणि ते सहसा हसत नाहीत. त्यांचे लक्ष स्वतःच्या वहीत असते.

या उमेदवारीची खरी पुंजी ती वहीच. काल कोणत्या शब्दावर हशा आला, कोठे शांतता पसरली, याची नोंद रोज ठेवावी लागते. बहुतेक जण आपले बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात आणि रात्री ते पुन्हा ऐकतात. आपलेच फसलेले बोलणे कान देऊन ऐकणे हे दिवसभराच्या तोट्याचा हिशेब मांडण्याइतकेच कठीण. एक शब्द गाळला, एक विराम वाढवला, की दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा नव्या लोकांसमोर. अशी पक्की पाच मिनिटे तयार होण्यास काही महिने सहज लागतात. तासाभराचा कार्यक्रम हा तर वर्षांचा मामला.

झाकीर यांच्यापुढे आणखी एक अडचण होती, ती भाषेची. २००५ पासून दूरदर्शनसंचावर हिंदी विनोदाच्या स्पर्धा गाजत होत्या खऱ्या. पण महानगरांतील कॅफेंमध्ये नव्याने रुजत असलेली ही कला प्रामुख्याने इंग्रजीत बोलत होती. तेथे इंदूरचा हा तरुण आपल्या गावच्या हिंदीत उभा राहिला. त्याचे विषयही त्याच मातीतले होते : मित्र, वडिलांचा धाक, मुलींशी बोलताना वळणारी बोबडी. जे उणे वाटत होते, तेच पुढे त्यांचे भांडवल ठरले. २०१२ साली त्यांनी ‘कॉमेडी सेंट्रल’ वाहिनीची विनोदस्पर्धा जिंकली. तरीही ‘हक से सिंगल’ या कार्यक्रमाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचण्यास २०१७ साल उजाडावे लागले. मधली पाच वर्षे बातमीत येत नाहीत; पण घरच्यांना सर्वाधिक जड जातो तो हाच काळ.

या क्षेत्रातील भाषा कुटुंबासमवेत ऐकावी अशी नेहमीच असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. झाकीर यांचे प्रारंभीचे काही बोलणेही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही. मात्र २०२२ चा ‘तथास्तु’ आजी-आजोबांसह पाहता येतो, कारण त्याच्या केंद्रस्थानी आजोबाच आहेत. सारंगी न धरणारा नातू आपल्या आजोबांविषयी तासभर बोलतो आणि हसता हसता सभागृह गंभीर होते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी संपूर्ण कार्यक्रम हिंदीतून केला.

अर्थात या मार्गासाठी दुकान सोडलेच पाहिजे असे नाही. बहुतेक नवोदित दिवसा नोकरी किंवा धंदा करतात आणि संध्याकाळी यादीत नाव घालतात. मुंबईचे अतुल खत्री संगणकांचा कौटुंबिक व्यवसाय सांभाळत असतानाच, वयाची चाळिशी ओलांडल्यावर या मंचावर आले. मराठीतही ‘भाडिपा’सारख्या मंडळींमुळे पुण्या-मुंबईत असे प्रयोग होऊ लागले आहेत. प्रवेशमूल्य बेताचे असते आणि मागच्या रांगेत जागा बहुधा मिळते. मुलाचे नाव यादीत असेल, तर वडिलांनी तेथे जाऊन बसण्यास हरकत नाही. फक्त पहिल्या रांगेत बसू नये, त्याची पाच मिनिटे वाया जातील.