कायद्याची प्रवेशपरीक्षा व घराचें वेळापत्रक

मुलें बारावींत गेलीं, कीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडीं डॉक्टर आणि इंजिनिअर हीं दोनच नांवें येतात. एखाद्या मुलानें अथवा मुलीनें 'मला कायदा शिकावयाचा आहे' असें म्हटलें, तर विरोध क्वचितच होतो. परंतु 'त्याला कसला आलाय अभ्यास!' असें म्हणून विषय मिटविला जातो. ही समजूत आतां जुनी झाली. महाराष्ट्रांत २०१६ सालापासून कायद्याच्या पदवीसाठीं राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा घेतली जाते. परभणी, सेलू वा गंगाखेडच्या विद्यार्थ्यास तेथें पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच यादींत उभें राहावें लागतें. कायद्याचें महाविद्यालय परभणींतही आहे. पण आपल्या पसंतीचें महाविद्यालय निवडण्याची मोकळीक गुणांवांचून मिळत नाहीं. म्हणून या अभ्यासाची आंखणी कशी असावी, आणि तींत घराचा वांटा कोणता, याचा विचार येथें करूं.

बारावीनंतर पांच वर्षांचा व पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम असून दोहोंची परीक्षा निराळी असते. २०२५ साली दोन्ही परीक्षांस १२० मिनिटांत १२० प्रश्न होते. पांच वर्षांच्या परीक्षेंत कायद्याची जाण ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४ व गणित ८, अशी गुणांची वांटणी होती. तीन वर्षांच्या परीक्षेंत गणित नव्हतें. तेथें इंग्रजीस ४०, सामान्य ज्ञानास ३२ व उरलेल्या दोन विषयांस प्रत्येकीं २४ गुण होते. इंग्रजीखेरीज इतर प्रश्न मराठींतही दिलेले असतात, आणि चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहींत. तेव्हां एकही प्रश्न कोरा सोडूं नये.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांची 'क्लॅट' परीक्षा मात्र वेगळी. परभणीस जवळचें असें विद्यापीठ छत्रपती संभाजीनगर येथें २०१७ साली सुरू झालें. ही परीक्षा डिसेंबरांत होते, ती सर्वस्वीं इंग्रजींत असते, आणि प्रत्येक चुकीस पाव गुण जातो. तिची तयारी अकरावीपासूनच हवी.

राज्याच्या परीक्षेची आंखणी दोन टप्प्यांत करावी. बारावीची परीक्षा होईपर्यंत रोज सवा तास पुरे : अर्धा तास वर्तमानपत्र, अर्धा तास इंग्रजी वाचन आणि पाव तास तर्काचीं कोडीं. इंग्रजी व चालू घडामोडी हे विषय शेवटच्या महिन्यांत घोकून येत नाहींत; ते थेंबाथेंबानेंच सांठतात. मराठी माध्यमाचा विद्यार्थी मागें पडतो तो बहुधा येथेंच, बुद्धीच्या उणीवेमुळें नव्हे.

बारावीची परीक्षा आटोपल्यावर सुमारें सहा आठवडे हातीं राहतात. आठवड्याचे सहा दिवस रोज चार तास धरले, तर १४४ तास होतात. त्यांपैकीं कायदा व तर्क यांस प्रत्येकीं ४४, इंग्रजीस २८, सामान्य ज्ञानास २० आणि गणितास ८ तास द्यावे. ज्या विषयास आठच गुण आहेत, त्यापायीं महिना दवडूं नये. सातव्या दिवशीं घड्याळ लावून एक संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी व चुका त्याच दिवशीं तपासाव्या. परीक्षा संगणकावर असते. म्हणून निदान दोनतीन प्रश्नपत्रिका संगणकावरच सोडवाव्या. एप्रिलांतील परभणीची दुपार अभ्यासाची नव्हे. पहांटे पांच ते सात आणि सायंकाळीं सात ते नऊ, हे चार तास उत्तम.

पुस्तकांविषयीं एक सूचना. घरांत कोणी वकील असतील, तर त्यांच्या कपाटांतील जुने ग्रंथ आदरानें पाहावे, पण परीक्षेपुरते त्यांवर विसंबूं नये. १८६० सालची भारतीय दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आहे. राज्यघटनेचा उद्देश, मूलभूत हक्क व मार्गदर्शक तत्त्वें मात्र मूळांतून वाचावीं; घटनेची मराठी प्रत मिळते.

आतां घराकडे वळूं. वेळापत्रक भिंतीवर मुलानें लावलें, तरी तें पाळावयाचें असतें साऱ्या घरानें. हे सहा आठवडे नेमके लग्नसराईचे आणि पाहुण्यारावळ्यांचे. मुलाच्या खोलीचें दार लोटलेलें असेल तर आपण हलक्या पावलांनीं जातों. मुलगी पुस्तक घेऊन बसली असेल तर 'तेवढा चहा टाक, मग बस' असें सहज म्हणतों. सायंकाळच्या दोन तासांत तिला तीनदां उठविलें, तर वेळापत्रकांतील दोन तास कागदावरच राहतात. आणि पदवीधर सुनेचें काय? तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास वयाची वरची मर्यादा नाहीं. खुल्या वर्गास पदवीस ४५ टक्के गुण असले म्हणजे परीक्षेस बसतां येतें. तिची इच्छा असेल, तर सायंकाळचा स्वयंपाक सासूबाईंनीं किंवा जाऊबाईंनीं आणि मुलांचा अभ्यास तिच्या यजमानांनीं अंगावर घ्यावा. ही तिच्यावरील मेहेरबानी समजूं नये. ज्या घरांत एक माणूस कायदा जाणतें, त्या घरास शेताच्या वांटणीपासून भाडेपट्ट्यापर्यंत त्याचा आधार होतो.

म्हणून वेळापत्रक करावयाचें तें सर्वांनीं एकत्र बसून करावें. कोणते चार तास मोकळे, त्या वेळीं दार कोणीं उघडावें, बाजार कोणीं आणावा, हें त्यांत स्पष्ट लिहावें. घरानें हें एवढें केलें, तर पुढचे १४४ तास ज्याचे त्यानें अथवा जिचे तिनें सार्थकीं लावावे.