जुन्या बोटीचे मोल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या इंदापूर तालुक्याला 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने एक मोठा जलाशय दिला, आणि ज्या गावांची शिवारे त्या पाण्याखाली गेली त्यांच्याच काठावर होड्यांचा एक नवा व्यवहार उभा राहिला. भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळच्या परिसरात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांची ने-आण होते, मासेमारी चालते, आणि पैलतीरावरच्या करमाळा तालुक्यात जाण्यासाठी रस्त्याचा मोठा वळसा टाळून लोक पाण्यावाटे जातात. जेथे होड्या असतात तेथे जुन्या होड्यांची खरेदी-विक्रीही असतेच. या व्यवहारात जे समज रूढ आहेत, तेच समज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कोट्यवधींची आलिशान मोटारयॉट घेणाऱ्याच्या मनातही असतात, आणि यात नवल नाही, कारण दोन्ही बोटींचा सांगाडा बहुधा एकाच पदार्थाचा, म्हणजे काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून साच्यात घडवलेल्या फायबरग्लासचा असतो.

नामांकित कारखान्याची बोट आपली किंमत टिकवून धरते, हा त्यांतला पहिला समज होय. ब्रिटनमधील तीन नावे या क्षेत्रात अग्रभागी मानली जातात : प्लिमथ येथे 1965 मध्ये ‘मरीन प्रोजेक्ट्स’ या नावाने सुरू झालेली प्रिन्सेस, पूल या बंदरात 1969 मध्ये स्थापन झालेली सनसीकर आणि औंडल या गावी नेन नदीच्या काठी 1963 मध्ये उभी राहिलेली फेअरलाइन. यांतली फेअरलाइन समुद्रापासून दूर, देशाच्या अंतर्भागात आणि गोड्या पाण्याच्या काठी जन्मली, ही गोष्ट उजनीकाठच्या वाचकाला विशेष जवळची वाटेल. या तिघांच्याही नव्या बोटीला घसारा, म्हणजे वापर आणि वय यांमुळे होणारी मूल्यातली घट, चुकत नाही. ही घट पहिल्या काही वर्षांत सर्वांत तीव्र असते आणि पुढे मंदावते. खरेदीच्या वेळी भरलेला कर आणि हौसेने बसवून घेतलेली सजावट यांचे पैसे पुढचा ग्राहक क्वचितच पूर्ण मोजतो. भारतात मौजेच्या यॉटवरचा वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला आहे, तर मासेमारीच्या नौकांवर तो 5 टक्के आहे. एवढ्या एका आकड्यावरून नव्या यॉटच्या किमतीतला किती मोठा भाग बोटीच्या लाकूड-फायबरात नसतो, हे ध्यानात येईल.

तरीही नाव निरर्थक नसते. एकाच साच्यातून निघालेल्या पुष्कळ बोटी पाण्यावर असल्या की त्यांचे सुटे भाग मिळतात, त्यांचे जुने दोष जाणकारांना ठाऊक असतात आणि भावाची तुलना करता येते. नावाचा खरा उपयोग हा. त्यामुळेच कारखाना अडचणीत आला की त्याच्या बोटी मोडीत निघतात, ही भीतीही फारशी टिकत नाही. फेअरलाइन 2015 च्या अखेरीस प्रशासकाच्या हाती गेली आणि पुढच्याच वर्षी नव्या मालकांकडे आली. साखर कारखान्यांवर प्रशासक बसलेले पाहणाऱ्या बारामती-इंदापूरकरांना या प्रक्रियेची ओळख करून देण्याची गरज नाही. कारखान्याच्या ताळेबंदाशी आधीच विकल्या गेलेल्या बोटीच्या बुडाचा काहीही संबंध नसतो. इंजिनही त्या कारखान्याचे नसते : ब्रिटिश यॉटमध्ये स्वीडनच्या व्होल्वो पेंटाचे किंवा जर्मनीच्या मॅनचे इंजिन असणे ही नित्याची बाब आहे. उद्योगांची नावे धंदे बदलूनही टिकतात, याचा दाखला तर बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. तेथे तीनचाकी वाहने बनवणाऱ्या पियाजिओचा आरंभ 1884 मध्ये इटलीतील जेनोआजवळ जहाजांची अंतर्गत सजावट करण्यापासून झाला होता.

दुसरा समज अधिक घातक आहे, आणि तो काठावर सर्वत्र ऐकू येतो : खारे पाणी बोट खाते, गोड्या पाण्यात तिला काही होत नाही. लोखंडाच्या गंजापुरते हे बरेचसे खरे आहे. फायबरच्या बाबतीत वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. फायबरच्या सांगाड्यावर जेलकोट नावाचा रंगीत, गुळगुळीत बाह्य थर असतो. तो पाणी पूर्णपणे अडवत नाही. पाण्याचे रेणू त्यातून हळूहळू आत शिरतात, आतल्या रेझिनमधले विरघळणारे अंश त्यांत मिसळतात आणि थरांच्या पोकळीत एक दाट, आम्लयुक्त द्रव साठतो. हा द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे परासरणाच्या नियमाने आणखी पाणी आत ओढले जाते, दाब वाढतो आणि बुडावर फोड उठतात. बाहेरचे पाणी जितके कमी क्षारांचे, तितका आतल्या-बाहेरच्या घनतेतला फरक मोठा, आणि म्हणून हा विकार समुद्रापेक्षा तळ्यात अधिक वेगाने वाढू शकतो. पाणी उबदार असेल तर आणखीच. असा फोड टोचला असता त्यातून चिकट द्रव निघतो आणि त्याला पुष्कळदा शिरक्यासारखा आंबूस वास येतो. एक-दोन फोडांनी बोट बाद होत नाही, परंतु सारे बूड फोडांनी भरले असेल तर जेलकोट खरवडून, सांगाडा दीर्घकाळ वाळवून नवा थर द्यावा लागतो, आणि तो खर्च लहान बोटीच्या किमतीला भारी पडतो.

गोड्या पाण्याचा असाच एक बारकावा धातूच्या भागांबाबत आहे. इंजिनाच्या पाण्यातल्या भागावर धातूचा एक बळीचा तुकडा बसवतात, ज्याला अॅनोड म्हणतात. तो स्वतः झिजतो आणि महत्त्वाचे भाग वाचवतो. समुद्रात यासाठी जस्त चालते, परंतु गोड्या पाण्यात जस्तावर साका चढून ते निष्क्रिय होते, आणि तेथे मॅग्नेशियमच लागते. कोकणातून आणलेल्या जुन्या बोटीवर जस्ताचा तुकडा न झिजता कोरा दिसला, तर तो बोट सुस्थितीत असल्याचा पुरावा नव्हे. त्या तुकड्याने आपले काम केलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असण्याचा संभव अधिक.

इंजिन कमी तास चाललेले असेल तर बोट उत्तम, या समजाचे खंडन करायला ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला ग्रंथाची गरज पडू नये. हंगामभर चाललेला आणि वेळेवर तेल बदललेला ट्रॅक्टर, वर्षानुवर्षे शेडमध्ये धूळ खात पडलेल्या ट्रॅक्टरपेक्षा भरवशाचा असतो. बोटीत हे अधिकच लागू पडते, कारण उभ्या बोटीच्या डिझेलच्या टाकीत दमटपणाचे पाणी तळाशी साचते, पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्मजीव वाढून गाळ धरतो, आणि थंड पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी पाती एकाच स्थितीत वाकून राहतात. तासांच्या आकड्यापेक्षा देखभालीची वही अधिक बोलते.

कागदपत्रांना दुय्यम मानणे हा शेवटचा आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज होय. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 31 डिसेंबर 2020 रोजी जी बोट ब्रिटनच्या पाण्यात उभी होती आणि जी संघातल्या बंदरात उभी होती, त्या दोघींचा करविषयक दर्जा वेगळा ठरला. साचा, वय आणि इंजिन एकच असूनही केवळ एका तारखेच्या मुक्कामावरून त्यांच्या बाजारात फरक पडला. आपल्याकडे 1917 चा जुना कायदा बाजूला सारून आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 अन्वये यांत्रिक बोटीला सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि नोंदणी आवश्यक आहे. सर्वेक्षण म्हणजे बोट किती भार आणि किती माणसे सुरक्षितपणे नेऊ शकते, याची तपासणी. ती केवळ भावाची बाब नाही. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून 6 जणांचा जीव गेला, आणि त्या पाण्यावर चालणारी प्रत्येक बोट विकत घेताना तिच्या बुडाइतकीच तिची कागदपत्रे पाहणे हे घेणाऱ्याचे कर्तव्यच आहे.

पाहणीसाठी उजनीकाठी उन्हाळ्याची अखेर सर्वांत सोयीची, कारण तेव्हा साठा खाली जाऊन पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि पुष्कळ होड्या काठावर ओढून पालथ्या घातलेल्या असतात. पालथ्या बुडावर अंगठा घासला आणि पांढरी भुकटी लागली, तर जेलकोट उन्हाने झिजला आहे, पण हा दोष पॉलिशने सुधारतो; बुडाला जेथे पाण्याखालच्या जुन्या भिंतींचे दगड घासले असतील तेथे काचेचे तंतू बोटाला टोचले, तर पाणी आत शिरण्याची वाट मोकळी झालेली आहे. इंजिन जेथे टांगले जाते त्या पिछाडीच्या भागात पुष्कळदा फायबरच्या आत प्लायवूडची फळी असते, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी मुरून ती आतल्या आत कुजते. तेथे लाकडी मुठीने ठोकत जावे : टणक, कोरडा आवाज आला तर फळी शाबूत आहे, आणि भद्द आवाज आला तर भाव ठरवण्याआधी त्या दुरुस्तीचा खर्च विचारून घ्यावा.